यादीत नसलेला बगळा

तीन नंबरचं मालवाहू विमान हवेत असेपर्यंत काटेमास्तर चहाला शिवत नसत. बाकीची दहा विमानं कुठेही जावोत, दर दोन तासांनी मास्तरांचा कप भरलेला. पण तीन नंबर उडालं की कप पालथा. हँगरमधले लोक थट्टा करायचे, "म्हाताऱ्याचा जीव जडलाय त्या धुडावर." मास्तर हसून वेळ मारून नेत. खरं कारण त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. एकोणीस वर्षं ते पोटात ठेवलं होतं आणि ते टोचायचं काही थांबलं नव्हतं.

काटेमास्तर हे नाव कामावरून पडलं. वैमानिकांच्या पुढ्यात घड्याळासारख्या ज्या तबकड्या असतात, उंचीची, वेगाची, तेलाची, त्यांचे काटे सांभाळण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. आता मास्तर उरले होते आणि काटे गेले होते. हवाई दलाची विमानं म्हातारी झाली होती. नव्या लढाऊ विमानांचं घोंगडं कित्येक वर्षं भिजत पडलेलं. धावपट्टीच्या टोकाला चार जुनी लढाऊ विमानं ताडपत्री पांघरून उभी होती आणि पाचव्याला उडवायचं म्हणून त्यांचे एकेक भाग काढले जात होते. मालवाहू विमानांसाठी वरच्यांनी मधला मार्ग शोधला. सांगाडा जुनाच ठेवायचा, तबकड्या उपटायच्या आणि त्यांच्या जागी संगणकाचे पडदे बसवायचे. पहिला नंबर लागला तो नेमका तीन नंबरचा. आज दहा वाजता त्याचं चाचणी उड्डाण होतं. ते नीट पार पडलं तर उरलेल्या दहांना मंजुरी मिळणार होती. त्यासाठी वरची मंडळी जातीनं येऊन मांडवात बसली होती.

उजव्या खुर्चीत सहवैमानिक म्हणून बसणार होती मास्तरांची सून. घरी ती त्यांना 'बाबा' म्हणायची. तळावर ती अधिकारी, म्हणून मास्तरच तिला सॅल्यूट ठोकून 'मॅडम' म्हणायचे. घरी परतल्यावर ती म्हणायची, "बाबा, आज सॅल्यूट जरा ढिला होता हं." मास्तरांना ही थट्टा मनापासून आवडायची.

नऊ वाजून वीस मिनिटांनी मास्तरांनी सवयीनं खाकी झग्याच्या आतल्या खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. मग डावा खिसा, मग मागचा, मग परत आतला. बगळा नव्हता.

बगळा म्हणजे एक पाना. साधा पाना घासून पातळ केलेला, मान तापवून वाकवलेली, म्हणून बगळा. तो मास्तरांनी स्वतः घडवला होता. विमानाच्या तोंडाशी, पडद्यांच्या मागे, इतकी दाटी असते की कंपनीच्या चकचकीत हत्यारांचा हात तिथं पोचत नाही. उजव्या पडद्याचा सगळ्यात खालचा नट तर कुणालाच दाद देईना. काल संध्याकाळी मास्तरांनी सगळ्यांना चहाला पिटाळलं आणि बगळ्यानं तो दीड मिनिटात आवळला. पोरं परत आली आणि तोंडात बोट घालून बघत राहिली. मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या भरात बगळा परत खिशात गेला की नाही, ते काही केल्या आठवेना.

विमानाच्या कामात हत्यार हरवणं म्हणजे काय, हे तिथल्या झाडूवाल्यालाही ठाऊक असतं. एक स्क्रू ड्रायव्हर जरी सापडला नाही तरी विमान जागचं हलत नाही. नव्या अभियंतासाहेबांनी तर त्यासाठी खास कपाट आणलं होतं. प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच, खाच रिकामी दिसली की लाल दिवा. काल रात्री सगळ्या खाचा भरलेल्या होत्या, दिवा हिरवा होता, साहेबांची सही झाली होती. आणि दिव्याचं तरी काय चुकलं? बगळ्याला कपाटात खाचच नव्हती. यादीत त्याचं नाव नव्हतं. परवानगीशिवाय घडवलेलं हत्यार विमानात नेणं हाच मुळात गुन्हा, मग ते हरवलं म्हणून ओरडणार कोण?

मास्तरांनी घरी फोन लावला. "घड्याळाच्या खणात बघ. माझा तो वाकडा पाना आहे का?"

"लाल टिकलीवाला?" बायकोनं विचारलं. मागच्या वर्षी मास्तर घरी भिंतीवरचं घड्याळ खोलून बसले असताना बगळा सोफ्याखाली गेला आणि सगळं घर तासभर गुडघ्यांवर रांगलं. तेव्हा सूनबाईनं त्याच्या मानेवर नखांना लावायच्या लाल रंगाचा ठिपका दिला होता. म्हणाली होती, "आता पडला तरी दिसेल, बाबा." तिला वाटलं होतं, हे घरकामाचं हत्यार आहे. मास्तरांनी तिचा समज तसाच राहू दिला होता.

"अहो, खणात नाही. शिवणाच्या डब्यातही नाही. एवढं काय अडलंय त्याच्यावाचून?"

"काही नाही," म्हणून मास्तरांनी फोन ठेवला. पडद्यांच्या खाली, लाकडी फळ्यांसारख्या उचलता येणाऱ्या पत्र्यांच्या आत, शेपटीपर्यंत जाणाऱ्या तारा असतात. वैमानिकानं दांडा ओढला की त्या तारा कप्प्यांवरून सरकतात आणि विमान नाक वर करतं. त्या कप्पीत एखादा पाना अडकला तर नाक वर होत नाही. किंवा वर झालेलं खाली येत नाही.

त्यांनी हँगर पालथा घातला. कचऱ्याचे डबे उपसले. "मास्तर, काय शोधताय?" कुणीतरी विचारलं. "चष्मा," मास्तर म्हणाले. "तो तर नाकावर आहे!" पोरं खो खो हसली. मास्तरही हसले, आणि त्यांना स्वतःच्याच हसण्याची किळस आली.

पावणेदहा झाले. मन दोन्ही बाजूंनी ओढत होतं. निवृत्तीला सात महिने उरले होते. आता तोंड उघडलं तर चौकशी, नाचक्की, चौतीस वर्षांवर पाणी. शिवाय मांडवात बसलेल्या मंडळींसमोर साहेबांचं नाक कापलं जाणार, मंजुरी लटकणार. आणि बगळा आत नसलाच तर? बाहेर गवतात पडला असेल, कुणी उचलूनही नेला असेल. बहुतेक तसंच झालं असेल. एकोणीस वर्षांपूर्वीही त्यांनी स्वतःला अगदी हेच सांगितलं होतं. 'बहुतेक'.

इंजिनं सुरू झाली. पहिलं, दुसरं. चाकांखालचे ठोकळे काढले गेले. उजव्या खिडकीत सूनबाईचं पांढरं हेल्मेट दिसलं.

साठीला टेकलेला माणूस पळतो तसे मास्तर पळाले. टोपी मागे कुठेतरी पडली. विमानाच्या नाकापुढे जाऊन त्यांनी दोन्ही हात डोक्यावर आडवे, एकमेकांवर फुलीसारखे धरले. 'थांबा' अशी खूण चौतीस वर्षांत त्यांनी एकदाही केली नव्हती. पंखे फिरतच होते. मास्तर डोळे मिटून उभे राहिले. मग आवाज उतरत गेला.

अभियंतासाहेब धावत आले. चेहरा पांढराफटक. "मास्तर, वेड लागलंय का? काय झालं?"

"माझं एक हत्यार आत राहिलंय, साहेब."

"अशक्य. कपाट पूर्ण भरलंय. मी स्वतः पाहिलं."

"कपाटातलं नाही," मास्तर म्हणाले. आणि मग कालच्या बगळ्याचं सांगून टाकलं.

मांडवातली मंडळी घड्याळं बघत विश्रामगृहावर निघून गेली. अडीचपर्यंत थांबू, असा निरोप ठेवून गेली. सूनबाई शिडीवरून उतरली. मास्तरांनी सॅल्यूट करायला हात उचलला, पण तिनं तिकडं पाहिलंच नाही.

"बगळा?"

"हो."

"तो घरातला होता ना, बाबा?"

तळावर ती त्यांना पहिल्यांदाच बाबा म्हणाली, आणि तेही अशा वेळी. मास्तरांना मान वर करवेना. ती परत वळली, टॉर्च आणि लांब दांड्याचा आरसा घेतला आणि आत शिरली. मास्तरांना आत मज्जाव होता. ते दाराशी उभे राहून एकेक पत्रा निघताना ऐकत राहिले.

दीड वाजता आतून तिचा आवाज आला, "मिळाला!"

हँगरमध्ये एकच गलका झाला. कुणीतरी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. साहेबांचा जीव भांड्यात पडला. सूनबाई बाहेर आली तेव्हा कोपरापर्यंत ग्रीस होतं. तिनं तळहात पुढे केला, पण ती बोलेना. साहेबांनी पाना उचलून मास्तरांच्या हातात दिला. "कप्पीच्या अगदी शेजारी होता म्हणे. मास्तर, तुमच्यावर कारवाई होईल, ती होईलच. पण आज तुम्ही तीन माणसं वाचवलीत. हाच ना? सांगा, म्हणजे अडीचला उडवू."

मास्तरांनी पाना उलटा केला, सुलटा केला. अंगठ्यानं मानेवरची काजळी पुसली. पुसली, परत पुसली. लाल ठिपका नव्हता. मान बोटभर आखूड होती आणि टोक चुकीच्या कोनात घासलेलं. पहिल्यांदाच घडवताना झालेली ती चूक त्यांनी डोळे मिटूनही ओळखली असती. दांड्यावर एक खोल चर पडला होता. तार वर्षानुवर्षं घासून घासून पडलेला चर.

सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. फक्त एक 'हो' हवा होता. साहेबांना हवा होता, मांडवाला हवा होता, आणि खरं सांगायचं तर मास्तरांनाही हवाच होता. रंगाचं काय, उडतोच की. त्यांनी वर पाहिलं. सूनबाई त्यांच्याकडेच बघत होती. ठिपका तिनं दिला होता. तो नाही हे तिनं आतच पाहिलं होतं, आणि तरी ती गप्प होती. हे मास्तरांनीच सांगायचं होतं.

"हा माझाच आहे," मास्तर म्हणाले. "पण हा तो नाही."

"म्हणजे?"

"हा पहिला बगळा. एकोणीस वर्षांपूर्वी याच विमानात हरवला. तीन रात्री एकटा शोधत होतो. नाही मिळाला. तेव्हा पोर शाळेत होतं, नोकरी जाईल म्हणून घाबरलो. कचऱ्यात गेला असेल, असं समजलो आणि दुसरा घडवला. कालचा अजून आतच आहे."

साहेब मटकन हत्यारांच्या पेटीवर बसले. म्हणाले, "एकोणीस वर्षं उडतंय हे."

"हो, साहेब."

"माणसं घेऊन."

"हो."

"आणि त्या नटापर्यंत आमची हत्यारं पोचत नाहीत, हे तुम्ही मला एकदाही सांगितलं नाहीत. मीही विचारलं नाही, नट कसा आवळला म्हणून." त्यांनी खिशातला फोन काढला आणि मांडवाला कळवलं की आज उड्डाण नाही.

लाल ठिपक्याचा बगळा पाच वाजता सापडला, उजव्या पडद्यामागे, वायरींच्या जुडग्यात मान खुपसून बसलेला. पहिल्या बगळ्यानं घासलेली तार बाहेर काढून पाहिली तर तिचे सात पीळ तुटलेले होते. उरलेल्या पिळांवर ती किती दिवस टिकली असती, हे कुणालाच सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून बाकीची दहा विमानंही उघडायला घेतली गेली. मास्तरांचा सहीचा अधिकार गेला, हँगरचा पास गेला, चौकशी बसली.

तार बदलायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत सूनबाई घरी त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. मुलगाही गप्प, बायको भांडी आपटायची. पाचव्या दिवशी सकाळी सूनबाईनं बुटांच्या नाड्या बांधल्या आणि दारात उभी राहिली.

"बाबा, त्या विमानात तुमचं अजून काही आहे का?"

"नाही."

"मला खरं सांगा. मी आज बसणार आहे त्यात."

"नाही, बाळा. काही नाही. कुठल्याच विमानात नाही."

तिनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "येते मग," म्हणाली आणि गेली.

मास्तर तळाच्या फाटकाबाहेरच्या टपरीवर जाऊन बसले. आत जायची सोय नव्हती. दहा वाजून सहा मिनिटांनी तीन नंबर धावपट्टीवरून उठलं. मास्तरांनी बाकाची कड घट्ट धरली होती. विमानानं नाक वर केलं, चाकं पोटात घेतली, डावीकडे कललं, सरळ झालं.

"मास्तर, तीन नंबर गेलं ना वर?" टपरीवाल्याला त्यांची सवय माहीत होती. "म्हणजे आता चहा नाही."

मास्तर आभाळाकडे बघत होते. विमान एव्हाना बोटाच्या पेराएवढं झालं होतं.

"दे," ते म्हणाले.

त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला आणि विमान दिसेनासं व्हायच्या आत पहिला घोट घेतला.