काचेच्या पेटीतला माझा स्वेटर

माणूस गेल्यावर त्याच्या वस्तू संग्रहालयात जातात असं मी ऐकून होतो. माझा स्वेटर माझ्या आधीच जाऊन बसला.

काचेच्या पेटीत, पांढऱ्या कापडावर, दोन्ही बाह्या पसरून त्याला झोपवलं होतं. एवढ्या इतमामाने तो आमच्या कपाटात कधी राहिला नव्हता. खाली चिठ्ठी होती : 'पुरुषाचा लोकरी स्वेटर. डॉक्टरांच्या रोजच्या वापरातला. अंदाजे ऐंशी वर्षांपूर्वीचा. कोपरावर अपूर्ण रफू. बाहीवरचा हिरवा डाग बहुधा औषधाचा.'

हा स्वेटर मला जावयाने दिला होता, लेकीच्या लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत. मी तो ज्या तऱ्हेने वापरला ते बघता जाणकारांनी त्याचं वय ऐंशी धरलं, यात त्यांना काय बोल लावणार? मला त्याच्याशेजारी उभं केलं असतं तर माझंही असंच काहीतरी धरलं असतं. आणि डाग औषधाचा नव्हे, ऑइलपेंटचा. लेकीच्या खोलीच्या खिडकीला मी तो रंग दिला होता. मी रंगारी. जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्या, आणि स्वतःच्या घराला रंग द्यायचं 'पुढच्या महिन्यात' म्हणून ढकलत आलो.

हे संग्रहालय म्हणजे आमच्याच रस्त्याच्या टोकाचं एक जुनं घर. जुन्या काळी इथे एक डॉक्टर राहायचे. त्यांच्या घरच्यांनी ते गावाला देऊन टाकलं. त्यांचा पलंग, बाटल्या, टोपी, सगळं जागच्या जागी आहे. महिन्यातून एका रविवारी तिथे रफूचा कार्यक्रम असतो. आजूबाजूचे लोक फाटके कपडे घेऊन येतात, डॉक्टरांच्या पेशंट बसायच्या खोलीत अर्धगोल करून बसतात आणि शिवत शिवत गप्पा मारतात. आमची ही कधी चुकवायची नाही. मला म्हणायची, "अहो, चला की एकदा." मी म्हणायचो, "मेलेल्या माणसाचं घर बघायला जिवंत माणूस कशाला जाईल?" आता स्वतःच्या घरातही मला तसंच वाटायला लागलं होतं, तेव्हा म्हटलं, जाऊन येऊ, काय फरक पडतो.

खरं म्हणजे लेकीने पिच्छा पुरवला होता. "बाबा, घरात एकटे बसून भिंतींशी बोलू नका."

"भिंतींशीच बोलत आलोय जन्मभर. आधी त्याचे पैसे मिळायचे, एवढंच."

हा स्वेटर मी घरभर शोधला होता. पलंगाखाली, माळ्यावर, वॉशिंग मशीनच्या मागे, एकदा तर फ्रीजमध्येसुद्धा. कोपराला भोक पडलं म्हणून ही तो तिच्या शेवटच्या रविवारी बरोबर घेऊन गेली होती. रिकाम्या हाताने परत आली, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही; दम लागला म्हणाली, आणि आडवी झाली. मग हॉस्पिटल, आणि मग काहीच नाही. तिने हातात घेतलेलं शेवटचं काम तो स्वेटर होता. लेक म्हणाली, नवा घेऊन देते. मला नवा नको होता.

आणि आता तो माझ्यासमोर होता. सुई अजून रफूत अडकलेली. मी काचेला नाक लावून बघत होतो. काचेवर नाकाचा ठसा उमटला, तो मी बाहीने पुसला, तर जास्तच पसरला.

"आजोबा, काचेला हात नका लावू हं," मागून आवाज आला. संग्रहालयाच्या बाई होत्या. वयाने माझ्या लेकीएवढ्या, चष्मा डोक्यावर.

"हा स्वेटर माझा आहे."

"हो, सगळ्यांना आपल्याच घरातला वाटतो," बाई कौतुकाने म्हणाल्या. "आम्हाला हेच हवं असतं."

"तसा नव्हे हो. माझा म्हणजे माझा. खिडकीचा रंग आहे तो. औषध नव्हे."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं, परत चिठ्ठी वाचली. मग हळूहळू उलगडा झाला. छताचं काम निघालं म्हणून घर बरेच महिने बंद होतं. तेव्हा बाहेरून माणसं बोलावून घरातल्या प्रत्येक वस्तूला नंबर दिला. रफूवाल्यांची टोपलीही त्या खोलीतच होती. तिलाही नंबर मिळाला, आतल्या स्वेटरलाही.

"मग द्या काढून."

"नंबर पडला की वस्तू घराची होते, आजोबा. समितीपुढे ठेवावं लागेल. कुणीतरी सांगायला हवं की हा तुमचाच."

"मी सांगतोय ना. ते रफू माझ्या बायकोचं आहे. भिंत बघून मी सांगतो कुणी रंगवली. ब्रश कसा फिरलाय त्यावरून माणूस कळतो. हिचा हात मी हजारात ओळखीन."

हे मी जरा मोठ्यानेच म्हटलं. पलंग बघायला आलेले चारजण माझ्याकडे बघायला लागले.

बाईंनी तोडगा काढला. येत्या रविवारी रफूचा कार्यक्रम परत सुरू होणार होता. जुनी मंडळी येतील, त्यांनी ओळखला तर समितीला काही म्हणता येणार नाही. रविवार येईपर्यंत मी रोज जाऊन पेटीशेजारी उभा राहिलो. कुणी चिठ्ठी वाचायला लागलं की मी म्हणायचो, "ऑइलपेंट आहे तो." एक छोटी मुलगी आईला म्हणाली, "हे आजोबापण इथलेच आहेत का?" आईने तिला दटावलं. पण चुकलं काय होतं तिचं? मला फक्त नंबर नव्हता.

रविवारी मी दाढी करून गेलो. पेशंटच्या खोलीत खुर्च्या अर्धगोलात मांडल्या होत्या. एकच रिकामी होती, खिडकीजवळची. ती कुणाची ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बसलो. डाव्या हाताला एक निवृत्त पोस्टमन बसले होते. जाडजूड बोटं, अंगात जुना कोट.

बाईंनी पांढरे हातमोजे घालून स्वेटर आणला, ताटात ठेवल्यासारखा. मी उठून उभा राहिलो. भाषण मला कधी जमलं नाही. लेकीच्या लग्नात दोन शब्द बोला म्हटल्यावर मी खरोखर दोनच बोललो होतो, 'जेवून जा'. पण त्या दिवशी सुटलोच.

"बघा," मी म्हणालो, "काठ बघा. सरळ रेघ. एक टाका दुसऱ्याच्या पुढे नाही. दोरा कुठे ओढलेला नाही. याला चिकाटी लागते, माया लागते. असं रफू एकच बाई करायची. मला वेगळा पुरावा द्यायची गरज नाही."

एका आजींनी डोळ्यांना पदर लावला असं मला वाटलं, पण त्या हसू दाबत होत्या. पोस्टमन खाकरले.

"स्वेटर तुमचाच आहे," ते म्हणाले. "ताईच घेऊन आल्या होत्या, मी साक्ष देतो. पण ते रफू… म्हणजे कसं सांगू… ते माझं आहे."

"तुमचं?"

"इथला नियम आहे. आपल्या घरचा कपडा आपण शिवायचा नाही. डावीकडच्याला द्यायचा. ताईंनीच लावलेला नियम. म्हणायच्या, घरचं घरी शिवतोच की, इथे येऊन तेच काय करायचं? ताईंच्या डाव्या हाताला मी. माझं पहिलंच रफू ते. ताईंनी दोनदा उसवायला लावलं. 'आमच्याकडे काठ वाकडा गेलेला चालत नाही, भाऊ. आमचे हे जेवण सोडून तेवढंच बघत बसतील.'"

सगळी खोली हसली. मी बसलो. हजारात ओळखीन म्हणालो होतो, आणि एका खोलीतसुद्धा ओळखता आलं नाही. पोस्टमनच्या जाडजूड बोटांत मी माया बघितली होती!

"मग तिचं?" मी विचारलं. "त्या दिवशी ती काय शिवत होती?"

"उजवीकडच्या आजींची ओढणी संपवली होती त्यांनी. मग माझा कोट घेतला. डावीकडच्या टोकाला मी, माझ्या पुढे खुर्चीच नाही ना. भिंत. म्हणून माझं काम ताईंकडे." पोस्टमननी कोट काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि त्याचं कोपर वर केलं.

मी बघितलं. टाके एक इकडे, एक तिकडे. काही लांब, काही आखूड. कुठे दोरा ढिला, कुठे गच्च. रंगही कोटाचा नव्हे, मस्त पिवळाजर्द. भिंत असती तर मी माणसाला परत शिडीवर चढवलं असतं. घरी माझ्या शर्टांना ती करायची ते रफू दुर्बीण लावूनसुद्धा दिसायचं नाही.

"त्यांना असंच आवडायचं," त्या हसणाऱ्या आजी म्हणाल्या. "इथे कुणी काठ बघत नाही, म्हणायच्या. हातात येईल तो रंग घ्यायच्या आणि बडबड करत बसायच्या. कसली बडबड करायची हो ती!"

घरी ती फारशी बोलायची नाही. मला वाटायचं, शांत स्वभाव.

रफू अर्धं झालं होतं. शेवटच्या टाक्याला पिवळा दोरा तसाच लोंबत होता. "तसाच घालून फिरतोय," पोस्टमन म्हणाले. "कापायला हात होईना."

"आता ते काम तुमचं," आजी म्हणाल्या. "त्यांच्या खुर्चीत बसलात ना."

सुईत दोरा ओवायलाच मला एवढा वेळ लागला की तेवढ्यात चहा येऊन गार झाला. मग मी टाके घालायला लागलो. थोड्या वेळाने पोस्टमन डोकावले आणि मागे सरकले. मी बघितलं. तिच्या टाक्यांशेजारी माझे टाके पट्टीने आखल्यासारखे सरळ आले होते. एवढे वाईट दिसत होते की सांगता सोय नाही. मी उसवले. परत घातले, परत सरळ. वाकडं घालायला एवढे कष्ट पडतात हे मला माहीत नव्हतं.

"बडबड करा," आजी म्हणाल्या. "हाताकडे बघू नका."

"काय बोलू?"

"काहीही. ताई तुमच्याबद्दलच बोलायच्या. आता तुम्ही त्यांच्याबद्दल बोला."

म्हणून मी फ्रीजमध्ये स्वेटर शोधला ते सांगितलं. तिथून तिच्याबद्दल सांगायला लागलो, आणि थांबलो तेव्हा दिवे लावायची वेळ झाली होती. मधले काही टाके खरंच वाकडे आले होते.

कोट पुरा झाला नव्हता. टोपलीवर आता कुणाचाच भरवसा नव्हता, बाईंनी तिच्यावर 'ही वस्तू प्रदर्शनातली नाही' असा कागद चिकटवला होता तरी. मी कोट घरी न्यायचं ठरवलं. पण बाहेर गारठा होता आणि पोस्टमन नुसत्या शर्टावर.

"हा घाला," मी म्हणालो आणि स्वेटर पुढे केला.

"त्याला नंबर आहे," बाई म्हणाल्या. "अजून समिती…" मग त्यांनी आमच्या दोघांकडे बघितलं, आणि त्यांना एकदम खिडक्या बंद करायची आठवण झाली. त्या पलीकडच्या खोलीत गेल्या.

रस्त्यात लेकीचा फोन आला. "मिळाला का स्वेटर?"

"नाही. पोस्टमनचा कोट मिळाला."

"बाबा, बरे आहात ना तुम्ही?"

"बरा आहे. घरात पिवळा दोरा कुठे असतो गं?"

पुढे पोस्टमन चालले होते. माझ्या स्वेटरात, अर्धं रफू, कोपरात सुई, आणि मानेमागे नंबराची चिठ्ठी लोंबत. दिव्याखालून जाताना ती प्रत्येक वेळी दिसायची. मी हाक मारून सांगणार होतो, पण म्हटलं राहू दे. कुणी विचारलंच तर डॉक्टरांचा आहे म्हणून सांगतील.