अकरा किलोमीटरची गाडी

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पश्चिमेला डोंगर रुळांवर आला आहे. पूर्वेला ट्रकने पुलाला धडक दिली आहे. दोन्ही गोष्टी आज सकाळीच झाल्या. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

मास्तरबाईंनी माइक बंद केला. तिन्ही स्टेशनांचे कर्णे त्या एकाच माइकला जोडलेले. त्यांच्या फलाटावर ऐकायला एक बकरी होती, आणि ती प्रवासी नव्हती.

मध्ये उरले अकरा किलोमीटर रूळ, तीन स्टेशनं आणि अडकलेली चार डब्यांची गाडी. कंट्रोलचा फोन आला, "उभी ठेवू नका. जेवढी लाइन शिल्लक आहे तेवढ्यावर फिरवा."

जिथे दिवसाला दोन गाड्या, त्याही मनात आलं तर, तिथे आता तासाला एक. एक बाई सुई आणायला गेली, दोरा विसरली म्हणून पुढच्या गाडीने पुन्हा गेली. चौथ्या दिवशी न्हावी म्हणाला, "दुसरा एखादा ट्रक मिळतो का बघा, नाहीतर तो पूल दुरुस्त व्हायचा."

*

पुढच्या स्टेशनाला लागून मास्तरबाईंचे वडील राहत. छत्तीस वर्षं सांधेवाले होते, रुळांचे सांधे बदलायचे. मुलगी मास्तर झाल्यापासून सहा वर्षांत एकदाही तिच्याकडे आले नव्हते. कारण एकच: गाडीच्या वेळा.

"बाबा, आता तासाला गाडी आहे."

"मग?"

"मग या."

"गुडघे."

"गाडी चालते, गुडघ्यांना चालायचं नाही."

"मास्तरांसमोर सांधेवाला बसत नसतो. रिवाज आहे."

"मास्तर मी आहे."

"म्हणूनच म्हणतो."

फोन बंद. मास्तरबाईंनी बारा दहाच्या गाडीने गार्डच्या हाती डबा पाठवला.

*

रिकाम्या डब्यात आलेल्या चिठ्ठ्या:

मीठ कमी.

मीठ बरं. गाडी दोन मिनिटं उशिरा.

कडी नीट लावत जा. गार्डच्या विजारीवर भाजी आहे.

मीठ कमी.

(सहाव्या दिवशी चिठ्ठी नाही. डबा घासून.)

*

अकराव्या दिवशी कंट्रोल. "चारला लाइन खुली. उद्यापासून जुनं वेळापत्रक. लाइन फिट असल्याचं चारपर्यंत तुमच्या सहीने कळवा."

"एवढ्यात?"

"का, काही अडचण?"

"नाही."

त्यांनी माइक उघडला. "तीन वीसची फेरी शेवटची." नियमाप्रमाणे तीनदा, एकाच सुरात. तिसऱ्यांदा एक वाक्य जास्त झालं, ते नियमात नव्हतं.

"त्यानंतर परतीची गाडी उद्या सकाळी सात पाचला आहे, याची विशेष नोंद घ्यावी."

*

तीन बत्तीस. गाडी आली. न्हावी उतरला. सुईवाली बाई उतरली. मग बराच वेळ कुणी नाही. गार्डने शिट्टी तोंडाला लावली, आणि शेवटच्या डब्यातून आधी एक पिशवी खाली आली, मग एक गुडघा, मग दुसरा.

"मीठ कमी होतं," वडील म्हणाले. "म्हटलं, समोर सांगावं."

"चिठ्ठीत मावलं नसतं?"

"नाही." ते वेळापत्रकाच्या फळ्यासमोर उभे राहिले. "परत जायला काय आहे?"

"उद्या सात पाच. माइकवर सांगितलं."

"कर्णे बिघडलेत तुमचे. तिकडे काडीचं ऐकू येत नाही."

"तक्रारवही आत आहे."

पिशवी मास्तरबाईंनी घेतली. रिकाम्या डब्याखाली टॉवेल होता, रात्रीच्या गोळ्या होत्या आणि कोपऱ्यातून दात घासायचा ब्रश डोकावत होता. त्यांनी तो आत ढकलला.

खोलीत खुर्ची एकच, मास्तरांची. वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. मग मुलीकडे. मग हाताने खुर्ची झटकली, जशी छत्तीस वर्षं दुसऱ्यांसाठी झटकली होती, आणि बसले.

"पाय हलतोय हिचा."

"हो."

मास्तरबाईंनी उभ्यानेच सही केली. चार वाजून चार मिनिटं झाली होती. उशिराच्या कारणाचा रकाना त्यांनी कोरा सोडला.

"कारण लिही," वडील म्हणाले. "मास्तर आहेस ना."