दसऱ्याची स्टिक

बादलने मारलेला चेंडू गोलखांबापासून हातभर बाहेरून गेला आणि कुंपणाच्या बाभळीत अडकला. तो लगेच चेंडूमागे धावला नाही. आधी डावा हात पोटावर दाबून वाकला, मग हळूहळू चालत निघाला.

हितेंद्रने शेजारी खुर्चीवर बसलेल्या गिरधरनानांकडे पाहिलं.

"बघितलं? परत पोट."

"दुखत व्हई," नाना म्हणाले.

"रोज? आणि नेमकं नेम चुकला की तेव्हाच?"

नानांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. मंडळाचे अध्यक्ष होऊन त्यांना बावीस वर्षं झाली होती, आणि उत्तर द्यायचं नसलं की ते चष्मा पुसत.

"नवं गाव शे, सारा गडी नवा शेतस. त्याले जरा येळ दे."

वेळ देऊन दोन महिने झाले होते. धुळ्याच्या या हॉकी मंडळाने आपला भरवशाचा गोलरक्षक नवल जळगावच्या संघाला दिला आणि बदल्यात बादल पावरा घेतला, तो हितेंद्रच्या हट्टामुळे. भुसावळच्या एका स्पर्धेत या सातपुड्याच्या पायथ्याच्या पोराने एकट्याने चार गोल केलेले त्याने पाहिले होते. प्रशिक्षक म्हणून त्याने नानांपुढे शब्द टाकला. आता नवल तिकडे भिंतीसारखा उभा होता आणि इकडे सहा सामन्यांत बादलच्या नावावर एकही गोल नव्हता. मैदानावरून जाताना लोक मुद्दाम हितेंद्रला ऐकू जाईल अशा आवाजात नवलची चौकशी करायचे.

हितेंद्रचा स्वभाव मुळातच दूधवाल्याच्या मापात डोकावून पाहण्याचा. आता तर त्याला कारणंच कारणं सापडत होती. बादलला फोन आला की तो मैदानाच्या टोकाला जाऊन बोले, आणि तेही पावरी बोलीत. त्यातलं कुणाला काही कळत नसे. मंडळाने दिलेल्या खोलीत त्याच्या खाटेखाली फडक्यात बांधलेलं लांबट गाठोडं होतं, ते त्याने कधी कुणासमोर सोडलं नव्हतं. साखळीत जळगावशी गाठ पडली तेव्हा समोर अर्धा गोल मोकळा असताना याने चेंडू थेट नवलच्या पायावर दिला. सामना संपल्यावर जळगावच्या व्यवस्थापकाने याच्या पाठीवर हात फिरवला. नवल हसत हितेंद्रजवळ आला होता.

"वेळ द्या त्याला, भाऊ. पोरगा सोनं आहे."

आपला माल दुसऱ्याच्या गळ्यात मारल्यावरच माणूस असं बोलतो, असं हितेंद्रला वाटलं. येत्या रविवारी पुन्हा जळगावच समोर होतं, आणि या वेळी अंतिम सामना.

"हात वर घे!" तो मैदानावर ओरडला. "स्टिक टोकाला धर. किती वेळा सांगायचं?"

"हां सर," बादल म्हणाला आणि हात वर घेतला. पुढचा फटका आणखी बाहेर गेला.

ती स्टिक हितेंद्रची होती. गुडघा जाण्याआधी सलग नऊ वर्षं तो तिनेच खेळला होता. मंडळात दसऱ्याला सगळ्या स्टिका ओळीने मांडून पूजा होते, हळदकुंकू, झेंडूची फुलं वाहतात आणि मग वडीलधारा माणूस एकेकाच्या हातात स्टिक देतो. या दसऱ्याला हितेंद्रने आपली जुनी स्टिक सगळ्यांदेखत बादलला दिली. बादलने ती कपाळाला लावली होती. हितेंद्रचे डोळे तेव्हा भरून आले होते, आणि आता ती आठवण झाली की त्याला स्वतःचाच राग येई.

शुक्रवारी पहाटे फिरायला निघालेला हितेंद्र पांझरेच्या पुलावर थांबला. खाली कोरड्या पात्रात कुणीतरी चेंडू घेऊन पळत होतं. दगडगोट्यांच्या मधून चेंडू असा चालला होता, जणू त्याला दोरी बांधली होती. शेवटच्या खडकाजवळ तो पळणारा वाकला, मनगट फिरलं आणि वीस पावलांवर उभा केलेला डबा खणकन उडाला. त्याने तो उचलून पुन्हा उभा केला. पुन्हा उडवला. पाच वेळा, आणि पाचही वेळा डबा उडाला.

तो बादल होता. बाजूच्या खडकावर गाठोड्याचं फडकं पडलं होतं आणि हातात कसली तरी जुनाट, दोन ठिकाणी सुतळी गुंडाळलेली स्टिक होती.

हितेंद्रच्या अंगाची आग झाली. म्हणजे याला येतं. सगळं येतं, फक्त आमच्यासाठी येत नाही. खाली उतरून कानाखाली वाजवावी असं त्याला वाटलं, पण तो तसाच मागे फिरला. संध्याकाळी त्याने नानांपुढे रविवारच्या संघाची यादी ठेवली. त्यात बादलचं नाव नव्हतं.

नानांनी यादी दोनदा वाचली.

"याले काढं तं हाऊ खोली सोडी. रावेरले जाईसन केळीना पेट्या भरी. मालूम शे ना तुले?"

"मला फसवणारा माणूस पेट्या भरो नाहीतर आणखी काही करो."

"त्याले इचारं का?"

"चोराला विचारून काय कळणार, नाना?"

नानांनी चष्मा काढला.

"सांगशी तं तूच सांग. पन त्याना तोंडवर सांग."

रविवारी मैदानाबाहेरच्या कडुनिंबाखाली पोरं कपडे बदलत होती. पलीकडे जळगावचे खेळाडू धावत होते आणि नवल हातमोजे चढवत होता. हितेंद्र मनात वाक्य जुळवत बादलजवळ गेला. तुझी आज गरज नाही. इतकंच म्हणायचं आणि वळायचं.

बादलने सदरा डोक्यावरून काढला. बेंबीच्या वर रुपयाएवढे डाग होते, काही काळेनिळे, काही पिवळे पडत चाललेले, एक अगदी ताजा.

हितेंद्रचं वाक्य तोंडातच राहिलं. त्याने झाडाला टेकवलेली आपली स्टिक पाहिली. मुठीची पट्टी वरच्या टोकाला नव्यासारखी होती. त्याच्या खाली चार बोटांवर ती झिजून काळी पडली होती. तिथे धरलं की वरचं टोक नेमकं कुठे लागेल, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तो सहा फूट उंच, आणि बादल जेमतेम त्याच्या खांद्याला. शाळेत खेळ शिकवताना दरवर्षी पोरापोराच्या कमरेला स्टिक लावून माप घेणारा माणूस होता हितेंद्र.

"ही तुला लांब पडते."

बादलने काढलेला सदरा पोटाशी धरला.

"दोन महिने सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही पूजा करीसन दिन्ही, सर." बादलने मान खाली घातली. "मना बाबानी माले विळा दिन्हा व्हता. तो मोठा पडे. पन देनारा जवलोंग सोता परत मांगस नही, तवलोंग आम्हना घरमा बदलतस नही."

"आणि मी हात वर घे म्हणून ओरडत होतो."

"हां सर."

हितेंद्रला त्याच्या डोळ्याला डोळा देता येईना. त्याने हात पुढे केला. शब्द मात्र कोरडेच आले, दुसरे कुठून आणणार?

"दे माझी स्टिक."

आजूबाजूची पोरं बोलायची थांबली. बादलने स्टिक दोन्ही हातांनी उचलली, कपाळाला लावली आणि हितेंद्रच्या हातात दिली. मग तो खाली बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला. एक बूट निघाला. तो त्याने पिशवीत ठेवला.

"बूट कशाला काढतोस?"

बादलने वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हे एक दिवस होणारच, असं धरून चाललेल्या माणसासारखा तो बसला होता.

"आते खोलीनी किल्ली कोनले देऊ, सर?"

हितेंद्र गुडघ्यावर हात ठेवून कष्टाने त्याच्यासमोर बसला. पिशवीतून बूट काढून त्याने बादलच्या पायाजवळ ठेवला.

"ते गाठोडं आणलंय का?"

"शे. पिशवीमा."

"गाठ सोड त्याची, आणि बूट घाल."