सावल्यांची रजा

सांगतो, पण तुमच्यातल्या एकालाही पटायचं नाही. माझ्या बाहुल्यांच्या सावल्यांना सरकारने अनुदान दिलं आणि त्या दिवसापासून त्या कामावर आलेल्या नाहीत. हसू नकोस शेवंती, तू आपली चहा गाळ. हॉटेल तुझं असलं तरी गोष्ट माझी आहे.

चामड्याच्या बाहुल्या दिव्यापुढे नाचवायच्या आणि पडद्यावर सावल्यांनी रामायण करायचं, हे आमच्या घराण्याचं काम. लुप्त होणाऱ्या कलांना अनुदान मिळतं म्हणून गेल्या वर्षी समिती बघायला आली. मी येडा. जीव ओतून खेळ केला, लोकांनी शिट्ट्या मारल्या. साहेब म्हणाले, "भिकाजीबुवा, ही तर ठणठणीत आहे. लुप्त कुठे होतेय?"

यंदा मी शहाणा झालो. सावल्यांना समोर बसवलं आणि म्हटलं, आजच्यापुरती रजा घ्या. त्यांनी घेतली. मी दिव्यापुढे मारुती नाचवला, पडदा कोराच. समितीतल्या बाईंचे डोळे भरून आले.

"अगदी शेवटच्या टप्प्यात आहे," त्या म्हणाल्या. अनुदान जागच्या जागी मंजूर. "आता अशीच जपा."

संध्याकाळी सावल्या परतल्या नाहीत. पाठोपाठ माडांच्या गेल्या. शेळ्या भर दुपारी बसायला जागा शोधत हिंडल्या. मग घराची गेली, मग बायकोची. ती म्हणाली, "आंग हलका वाटता," आणि भांडी घासायला बसली.

इथवर मी चालवून घेतलं. पण देवीच्या जत्रेतला खेळ आमच्या घराण्याने कधी चुकवलेला नाही, आणि जत्रा उद्यावर आली. आज सकाळी पडद्यामागे बसून हाका मारल्या. एकटी रावणाची सावली उंबऱ्यापर्यंत आली.

"उद्या तरी या," मी म्हटलं. "देवीपुढे कोरा पडदा लावू?"

"आम्ही आलो तर कला लुप्त कशी राहील? अनुदान बंद होईल तुझं."

"होऊ दे."

"मंजूर झालेलं आम्हाला मोडता येत नाही. आमच्या बदली कोणाची तरी सावली दे."

मी माझी दिली. तेव्हापासून मला सावली नाही. हवं तर बघा.

मी चहाचा घोट घेतला. शेवंतीने गाळणी खाली ठेवली आणि माझ्या मागच्या भिंतीकडे बघितलं.

"खोटा बोलतास, बुवानू," ती म्हणाली. "ही काय तुमची सावली. दहाय तोंडांनी चाय पिता."