घाटाचा माईक

परमेश्वरानं माणसाला वाणी दिली ती सत्य बोलण्यासाठी, असं डिंगोऱ्यात सगळे मानतात. म्हणूनच तिथं कुणी अनोळखी माणूस गोड बोलायला लागला, की त्याला कुणी पाठवलं याची आधी चौकशी होते.

आरतीबाईंची चौकशी तर त्यांनी तोंड उघडण्याआधीच पूर्ण झाली. पुण्याहून येऊन त्या स्टँडवर उतरल्या आणि सोमाजीच्या मोटारसायकलवर बसून रखमाजींच्या दारात हजर झाल्या. सोमाजीच्या. रखमाजींना आणखी पुरावा नको होता.

प्रकरण असं होतं. गावच्या यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यतीचा माईक वर्षानुवर्षं रखमाजींच्या हातात होता. गाडा घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, सुटला की त्यांचा आवाज सुटे, आणि बहुतेक वेळा बैलांच्या आधी वर पोचे. मग दिवाळीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, उजवा हात लुळा राहिला आणि शब्द रुसले. मनात पाणी असायचं, तोंडातून 'बैल' निघायचा. आता यात्रा तोंडावर आली होती आणि कमिटीत कुजबुज चालू होती, की भाऊंना न्हाई जमलं तर माईक सोमाजीला द्यावा. तेव्हापासून सोमाजी रोज विचारपूस करायला येत होता. कामाशिवाय रोज विचारपूस करणारा माणूस रखमाजींनी अजून पाहिला नव्हता.

"बाबा, तुमची जीभ किती वळते हे मला तपासायचं नाही," आरतीबाई म्हणाल्या. वाचा गेलेल्यांवर उपचार करणं हे त्यांचं काम. "रोजच्या दिवसात तुम्ही कुणाशी, कुठं, किती बोलता, ते मोजायचंय."

रखमाजींनी बायकोकडं, ठमाबाईंकडं पाहिलं. भात मोजलेला त्यांनी पाहिला होता, दूध मोजलेलं पाहिलं होतं. बोलणं मोजायचं म्हणजे ते कमी भरलं हे कुणाला तरी दाखवायचं असणार.

बाईंनी चार पेल्यांची चित्रं मांडली. अडचण मुळीच नसेल तर रिकाम्या पेल्यावर बोट, फार असेल तर काठोकाठ भरलेल्यावर. दुकानात काही मागताना? पाहुण्यांशी बोलताना? भांडताना? रखमाजींनी डाव्या हाताचं बोट रिकाम्या पेल्यावर ठेवलं, ते शेवटपर्यंत उचललंच नाही.

ठमाबाईंनी साक्षही दिली. "यांचं बोलनं आता आदीपेक्षा बरंय. आदी लई बोलायचे."

आरतीबाईंनी पेले गोळा केले आणि म्हणाल्या, चला, दुकानातच जाऊन येऊ. संशय ही काही रखमाजींची एकट्याची इस्टेट नव्हती.

भागूच्या दुकानाची पायरी चढायच्या आतच भागूनं तपकिरीची पुडी पुढं केली. कट्ट्यावर बसलेला जानकू, हा यात्रा कमिटीतला, भाऊंच्या वतीनं म्हणाला की मागची दमट निघाली होती. भाऊंची तब्येत कशी आहे हे भागूनं विचारलं आणि त्याचं उत्तरही जानकूनंच सविस्तर दिलं, झोपेपासून पोटापर्यंत. रखमाजींनी दोनदा मान हलवली. बाजार झाला, गप्पा झाल्या.

"बाबांचं बोलणं तर राहूनच गेलं," आरतीबाई म्हणाल्या. "हे कुठल्या पेल्यात टाकू?"

मागून सोमाजी पुढं झाला. "ताई, माईकवर बगा की. देवळापाशी कर्णे लावल्यात."

म्हणजे सापळा तिथं होता तर. रखमाजींना सगळं लख्ख दिसलं. पण नको म्हणावं तर सारी पंचाईतच. ते ताठ मानेनं देवळापाशी गेले, माईक डाव्या हातात धरला, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

"झाली झाली झाली झाली... उचलली की रं... भिर्रर्र..."

आवाज कुठंही अडखळला नाही. बायका धुणं टाकून बाहेर आल्या. जानकूनं टोपी उडवली, ठमाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"छान," आरतीबाई हळूच म्हणाल्या. "हे वर्षानुवर्षं घोटलेलं आहे, ते आपोआप येतं. आता समोर उभ्या असलेल्या माणसाचं नाव सांगा."

समोर सोमाजी होता. हे नाव रखमाजी मनातल्या मनात दिवसभर घेत असत, तेही विशेषणांसकट. त्यांनी सगळा जोर लावला.

"बैल," कर्ण्यातून निघालं.

माणसं हसली. सोमाजी हसला नाही. त्यानं हात जोडले.

"भाऊ, ताईंना मीच बोलावलं. कमिटी त्यो माईक माज्या गळ्यात बांधतीय. चार माणसांत हुबं ऱ्हायलं की माजं पाय लटपटत्यात. तुमी बरं व्हा, न्हाईतर मी यात्रंच्या दिशी येडगावला मेव्हण्याकडं पळून जातो."

रखमाजी त्याच्याकडं बघत राहिले. इतका सरळ माणूस हा सगळ्यात संशयास्पद. पण त्याचे पाय खरोखरच लटपटत होते, नुसतं सांगतानासुद्धा.

आरतीबाई म्हणाल्या, गाड्यांच्या मालकांची नावं कुणी कानात सांगितली तर बाबा ती उचलतील. रोज सराव मात्र हवा. जानकूनं तिथल्या तिथं कमिटीचा निकाल दिला. "माईक भाऊंचा. नावं सोमाजी सांगंल."

"मला माईक धराया नाय ना लागनार?" सोमाजीनं खात्री करून घेतली.

रखमाजींचा चेहरा बदलला, त्यांनी मांड्या आवळून धरल्या. ओठ हलले. माईक अजून त्यांच्या हातात होता. आभार मानायचेत, भागू म्हणाला. पाणी पायजे, जानकू म्हणाला. सोमाजीला माफ केलं म्हनत्यात, असं आणखी कुणी तरी ठरवलं. आरतीबाईंनी हात वर केला. आता त्यांच्या वतीनं कुणी बोलायचं नाही, थांबायचं.

गाव थांबलं. रखमाजींच्या कपाळावर घाम आला. मान ठमाबाईंकडं वळली.

"ठमे," ते म्हणाले. दिवाळीपासून हे नाव त्यांच्या तोंडात आलं नव्हतं. ठमाबाईंचा हात पदराशीच राहिला. सगळी आळी कर्ण्यांकडं कान लावून उभी होती.

"ठमे... जरा... लेंग्याचा नाडा... सोड."