कापूर कमी पडला

तंजावुरातल्या जुन्या मराठी घरांत नैवेद्य दाखवल्याशिवाय पदार्थ चाखायचा नाही, हा नियम अजून पुष्कळ ठिकाणी पाळतात. मग गूळ पुरेसा पडला का, मीठ विसरलं का, हे कळायचं कसं? तर वासावरून. आणि वासाच्या बाबतीत रघुपतीरावांच्या नाकाला गावात तोड नव्हती. लग्नकार्यात आचारी पातेल्यावरचं झाकण उचलून त्यांना बोलवायचे. रघुपतीराव वाकायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. वास घेणं म्हणजे अर्धं जेवणच, असं एका शास्त्रीबुवांनी एकदा सुनावलं, तेव्हा "मी घेत नाही, तो आपणच येतो," असं म्हणून त्यांनी बुवांना गप्प केलं होतं. शेतीखात्यात सारी हयात नोकरी केली, तिथे त्यांचं नावसुद्धा कुणाच्या लक्षात राहिलं नाही. नाक मात्र राहिलं.

घरी निकाल बायकोच्या, विजयलक्ष्मीबाईंच्या पदार्थांवर. तिकडे गोडात खायचा कापूर घालतात, देवळातल्या प्रसादासारखा; नखाच्या टोकावर मावेल तेवढाच. गेली दोन वर्षं रघुपतीरावांचा शेरा ठरलेला होता. "बरं झालंय. पण कापूर कमी पडला."

यंदा नवरात्र झालं आणि विजयलक्ष्मीबाईंनी गोड करणंच सोडून दिलं. हात दुखतो म्हणाल्या. दिवाळीला मिठाई दुकानातून आली. त्याच हातांनी त्या रोज डोसे घालत होत्या, तेव्हा दुखणं फक्त गोडापुरतंच होतं हे रघुपतीरावांच्याही ध्यानात आलं. आपल्या तोंडाळपणाला बायको कंटाळली, असा त्यांनी अर्थ काढला, आणि तो अर्थ त्यांना फार लागला. संध्याकाळी तूप कढत नाही, गूळ विरघळत नाही, असलं घर त्यांना दुसऱ्या कुणाचं वाटू लागलं. शेवटी एक दिवस त्यांनी काकुळतीने विचारलं, "परत करायचंच नाही का काही?"

"तुम्ही एक गोड स्वतः करून दाखवा," विजयलक्ष्मीबाई म्हणाल्या. "कोणी आपण होऊन दुसऱ्यांदा मागितलं, तर मी करेन. नाहीतर ह्या घरात गोडाचं नाव काढायचं नाही. सरि, कबूल?"

"सरि," रघुपतीराव म्हणाले. तोवर त्यांनी दूधसुद्धा कधी उतू जाऊ दिलं नव्हतं, कारण ते कधी तापवलंच नव्हतं.

नात नंदिता मदतीला आली. तिला मराठी सगळं कळे, पण बोलताना ती तमिळवर घसरे आणि आजोबांना 'तात्ता' म्हणे. तिने फोनवर 'शेकोटीवरची सोपी गोडं' असे व्हिडिओ काढून दिले. त्यात परदेशातली माणसं पांढरे मऊ गोळे काडीला टोचून जाळत होती आणि आनंदाने खात होती. "जाळून खातात? मग हे मला जमेल," रघुपतीराव म्हणाले. पुढच्या व्हिडिओत केळं चिरून आत चॉकलेट भरलं आणि निखाऱ्यात पुरलं. चॉकलेटच्या जागी गूळ-खोबरं आणि चांदीच्या कागदाच्या जागी केळीचं पान घेतलं, की झालं. हा शोध त्यांनी दिवसभर घरातल्या सगळ्यांना सांगितला, आणि संध्याकाळी पुन्हा सांगितला.

पोंगल सरला की 'काणुम पोंगल' येतो. त्या दिवशी लोक डबे बांधून नदीवर जातात. रघुपतीरावांनी मुलगा शिवकुमार, सून वासुकी, नंदिता आणि बायको अशा सगळ्यांना तिरुवैयारूला कावेरीच्या वाळूत नेऊन बसवलं. तीन दगड मांडून झावळ्या पेटवल्या, त्या विझल्या. पुन्हा पेटवल्या, त्याही विझल्या. शेजारच्या सतरंजीवरची मंडळी आपलं जेवण सोडून बघत बसली. शेवटी त्यांच्यातल्याच एका बाईने येऊन हातभर ज्वाळ काढून दिली आणि परत गेली.

रघुपतीरावांनी केळी चिरली, गूळ-खोबरं भरलं. मग कापराची डबी उघडली. विजयलक्ष्मीबाई दोन वर्षं कमी घालत आल्या होत्या, ती सारी कसर आज भरून काढायची असं त्यांनी ठरवलं. एकेका केळ्यात चांगली चिमूट पडली. वासुकीने तोंड उघडलं आणि सासूकडे बघून मिटलं. पानाच्या पुड्या बांधून निखाऱ्यात गेल्या.

"तात्ता, करपतंय!" थोड्या वेळाने नंदिता ओरडली.

"छे. मला नाही का कळणार? नदीचा वास आहे तो."

त्यांच्या डाव्या गुडघ्याशी एक पुडी रीतसर पेटली होती. वासुकीने ती काठीने ओढून वाळूत टाकली. "वारा तिकडचा होता," रघुपतीरावांनी खुलासा केला.

उरलेल्या पुड्यांतली एक कावेरीपुढे ठेवून त्यांनी पाणी फिरवलं, नैवेद्य दाखवला, आणि सगळ्यांच्या हातात एकेक पुडी दिली. शिवकुमारने पहिला घास घेतला आणि तो खोकायलाच लागला. नंदिताच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अय्यो तात्ता, हे सर्दी झाली की छातीला चोळतात ते!"

"मामंजी, छान आहे," वासुकी म्हणाली. सून म्हणून तिने शर्थ केली. "श्वास कसा मोकळा झाला."

रघुपतीरावांनी आपली पुडी उघडली आणि खाल्ली. गोड, मऊ, ऊन. "काय बिघडलंय?" ते खरंच चकित होऊन म्हणाले. "उलट आज पहिल्यांदा कापूर बेताचा झालाय."

शिवकुमार नदीकडे बघू लागला, वासुकी वाळूकडे. चौघांचे डोळे ओले आणि आपले तेवढे कोरडे, हे रघुपतीरावांना दिसलं. त्यांनी कापराची डबी उचलली आणि नाकाला लावून हुंगली. मग जोरात हुंगली. नाकात गारवा शिरला. वास आला नाही.

ते डबी हातात घेऊन बसून राहिले. त्यांना एकामागून एक सगळं आठवायला लागलं. गावातल्या मुरलीकृष्णच्या लग्नात करपलेल्या खिरीला त्यांनी 'खमंग' म्हटलं होतं, आणि त्यांच्या शब्दावर पाहुण्यांनी ती खाल्ली होती. शेजारच्या वेंकटरावांच्या साठीशांतीला विटलेलं दही त्यांनी पास केलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी निम्मी पंगत आजारी पडली तेव्हा त्यांनी दोष पाण्याला दिला होता. दोन वर्षं एक बंद पडलेलं नाक मोठ्या थाटात गावभर मिरवत होतं, आणि त्याच्या मागे चालणारं गाढव म्हणजे आपण.

"कधीपासून?" त्यांनी बायकोला विचारलं.

"दोन वर्षांमागे तो मोठा ताप येऊन उठलात ना, तेव्हापासून," विजयलक्ष्मीबाई हळूच म्हणाल्या.

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"काय सांगू? लोक तुम्हांस नाकासाठीच तर बोलावतात. तुम्ही कमी म्हणायचे, मी वाढवायची. वाढवत वाढवत नवरात्रात ह्या पोरीने पान सरकवलं, तशीच उपाशी उठली. तुम्हांस आवडेल ते बाकीच्यांना गिळवेना, आणि त्यांना गिळवेल ते तुम्ही कमी म्हणणार. म्हटलं, पोदुम, पुरे झालं. करणंच नको."

म्हणजे बायको कंटाळली नव्हती. ती दोन वर्षं त्यांचं नाक झाकत होती. रघुपतीरावांना लाज वाटली, आणि लाजेच्या खालून काहीतरी भरून आलं. त्यांनी उगाच निखारे ढोसले.

"पैज हरलो," ते शेवटी म्हणाले. "आता गोडाचं नाव काढत नाही. उरलेल्या पुड्या वाळूत पुरतो. नदीत नको, माशांनी काय घोडं मारलंय आपलं?"

ते पुड्या गोळा करू लागले, तेवढ्यात विजयलक्ष्मीबाईंनी आपलं पान पुढे केलं. ते रिकामं होतं, पुसून खाल्ल्यासारखं.

"द्या की अजून एक."

"विजया, कडू आहे ते!"

"तुम्हांस कसं ठाऊक?"

रघुपतीरावांनी सगळ्यांत लहान पुडी निवडली, फुंकर मारून उघडली आणि बायकोच्या पानावर ठेवली. विजयलक्ष्मीबाईंनी घास घेतला. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं, ते त्यांनी पुसलं नाही, आणि घासही टाकला नाही. रघुपतीराव समोर बसून त्यांचं तोंड न्याहाळत राहिले.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं. आजवर हा प्रश्न सगळ्यांनी त्यांना विचारला होता, त्यांनी कुणाला विचारला नव्हता.

"बरं झालंय," शेवटचा घास गिळून विजयलक्ष्मीबाई म्हणाल्या. "कापूर अंमळ जास्त पडला. उद्या मी करीन तेव्हा जवळ बसा, वास कसा येतो ते सांगत जाईन."