अकराच्या तारा

"तारा कडक झाल्यात," गिटारची पेटी टेबलावर आदळत बाबांनी जाहीर केलं. "मागच्याच महिन्यात लावल्यास ना? काहीतरी चुकलंय तुझं."

डॉक्टरीण चहाचा कप बाजूला सारून उठली. तिला सगळे डॉक्टरीणच म्हणत. वाद्यांच्या दुकानामागच्या खोलीत एका लांब टेबलाशी बसून बारा वर्षं ती गिटार दुरुस्त करत होती, आणि त्याआधीची तीस वर्षं त्याच टेबलाशी बाबा बसत. टेबलाच्या डाव्या कोपऱ्यातला सोल्डरिंगचा डाग बाबांचा, उजव्या कोपऱ्यातला तिचा. एवढ्या वारशावर दोघांचं बरं चाललं होतं.

"आधी चहा घ्या."

"चहा कुठे पळून चाललाय? हिला बघ आधी. रविवारी कार्यक्रम आहे आणि माझी ओढ येत नाहीये."

ओढ म्हणजे त्यांच्या बँडच्या एका गाण्यातली जागा. गाणं त्यांनीच चाळीस वर्षांपूर्वी बसवलेलं. शेवटचं कडवं संपलं की सगळे थांबायचे आणि बाबा एकटे एक तार दाबून बोटाने वर ढकलत न्यायचे. सूर चढत चढत मूळ जागेपासून दीड सूर वर पोचला की तिथे तो धरून ठेवायचा, आणि मग ड्रमवाल्याने काठी मारायची. लोक त्या एका जागेसाठी यायचे, असं बाबांचं म्हणणं. आईचं म्हणणं, लोक फुकट असतं म्हणून यायचे.

डॉक्टरिणीने गिटार मऊ फडक्यावर आडवी ठेवली आणि तपासायला घेतली. तारांचा कडकपणा काही एका जागी बसलेला नसतो, हे तिला बाबांनीच शिकवलेलं. तार फ्रेटपासून, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, उंच असली तर कडक लागते. मानेच्या टोकाशी नट नावाची छोटी पांढरी पट्टी असते, तिच्यातल्या खाचा पुरेशा खोल नसल्या तर पहिल्या दोन फ्रेटवर बोटं रडकुंडीला येतात. मान तारांच्या ताणाने पुढे वाकली असेल तर मधल्या फ्रेटवर दम लागतो. शिवाय तार जाड किती, लांब किती, आणि कुठल्या सुराला ताणलीय, हे आहेच. तिने पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून मध्ये कागदाची पट्टी सरकवली. बाराव्या फ्रेटवर पोलादी मोजपट्टी उभी केली. दीड मिलिमीटर. याहून खाली आणलं असतं तर तारा फ्रेटवर कुरकुरल्या असत्या. एका दातांच्या डॉक्टरांनी हट्टाने तसं करून घेतलं होतं आणि आठव्या दिवशी परत येऊन "गिटारला कीड लागलीय" म्हणून सांगितलं होतं.

"काय सापडलं?" बाबांनी विचारलं.

"बघते. ठेवून जा."

बाबांनी पेटीच्या मुठीला बांधलेलं कार्ड ओढून घेतलं. ही पद्धत त्यांचीच. दुकानात येणाऱ्या प्रत्येक वाद्याला एक कार्ड असे, बाबा त्याला केसपेपर म्हणत. त्यावर तारा, सूर, तक्रार, काम आणि शेवटी दुरुस्त करणाऱ्याची सही. पहिल्याच दिवशी त्यांनी लेकीला बजावलं होतं, "हाताला लागलं ते लिहायचं. गिऱ्हाइकाला आवडेल ते नाही. उद्या दुसरा कुणी हे उघडेल तेव्हा त्याला आपल्या शब्दाशिवाय दुसरा आधार नसतो."

आता त्यांनी चष्मा कपाळावर चढवून कार्डावर लिहिलं : 'तारा – अकरा. तक्रार – तारा कडक.' "आणि ऐक. रविवारी ओढ आली तर ठीक. नाही आली, तर सोमवारी हिला खुंटीला टांगतो. अकराची तार ओढता येत नाही त्याने गिटारवाला म्हणवून घेऊ नये. नऊचे सेट पोराटोरांना."

अकरा, नऊ हे तारांच्या जाडीचे आकडे; आकडा मोठा तशी तार जाड आणि ओढायला जड. हे वाक्य ते चाळीस वर्षं म्हणत आलेले. कार्यक्रमानंतर कुणी येऊन "काका, कुठल्या तारा वापरता?" असं विचारलं की बाबा दोन बोटं उभी करत, एक आणि एक. "अकरा!" मग समोरचा त्यांच्या मनगटाकडे बघे आणि बाबांचा तो महिना झकास जाई.

बाबा गेले आणि डॉक्टरीण कार्डाकडे बघत बसली. त्या गिटारवर अकराच्या तारा नव्हत्या.

पाच वर्षांपूर्वी बाबांच्या डोळ्यांना बारीक तार खुंटीत ओवणं जमेनासं झालं, तेव्हापासून तारा तीच लावत होती. पहिल्याच वर्षी वाजवताना त्यांचा चेहरा आंबट झालेला तिने पाहिला आणि अकराच्या जागी दहाचा सेट चढवला. तीन वर्षांपूर्वी नऊचा. पातळ तारांचा आवाज पातळ येतो, म्हणून तिने तारांखालची, आवाज टिपणारी पिकअप स्क्रू फिरवून थोडी वर उचलली. बाबांना काही कळलं नाही. उलट "बघ, हात अजून शाबूत आहेत," असं ते आईला ऐकवत राहिले. आणि केसपेपरवर डॉक्टरीण दर वेळी लिहीत राहिली, अकरा. खाली सही मात्र तिने एकदाही धड केली नव्हती. एक गिचमिड ओढायची आणि कार्ड पालथं करायचं.

आता नऊही जड जायला लागले होते. आठ लावले असते तर बाबांच्या त्या दणदणीत वाजवण्याखाली तारा पहिल्याच गाण्यात बेसूर झाल्या असत्या.

दुपारी आईचा फोन आला.

"काय म्हणतेय ती गिटार?"

"गिटार ठणठणीत आहे गं."

"मला माहितीये. सकाळी लोणी काढायच्या बरणीचं झाकण माझ्याकडून उघडून घेतलं. वर म्हणाले, झाकण बिघडलंय. हे बघ, ते घरी बसले ना, तर माझ्या स्वयंपाकघराची दुरुस्ती काढतील. तू काहीतरी कर. आणि... दोन दिवस गुणगुणलेसुद्धा नाहीत."

शेवटचं वाक्य डॉक्टरिणीला टोचलं. बाबा गुणगुणत नाहीत असं घर तिने कधी पाहिलं नव्हतं.

एक उपाय होता, पण तो एकट्या गिटारवर करण्यासारखा नव्हता. सगळ्या तारा अर्ध्या सुराने खाली उतरवायच्या. कमी ताणलेली तार मऊ लागते आणि थोडी ढकलली तरी चढते. पण मग पूर्ण बँडलाच अर्धा सूर खाली यावं लागलं असतं, आणि हे चोरून कसं करणार?

गुरुवारी बेसवाले काका आले. बँडमध्ये बाबांच्या डाव्या हाताला चाळीस वर्षं उभे राहिलेले. दार लावून घेत ते कुजबुजले, "डॉक्टरीण, माझ्या बेसच्या तारा अजून जरा खाली घे ना. खांदा धरलाय. पण तुझ्या बाबांना बोलू नकोस हं. ते म्हणतील, म्हातारा झालो."

शुक्रवारी गायक आले. त्यांना सगळे बुलंद म्हणत, आणि ते नाव त्यांना आजही शोभतं असा त्यांचा समज होता. त्यांच्याकडे दुरुस्त करण्यासारखं वाद्यच नव्हतं. तरी ते अर्धा तास दुकानात घुटमळले आणि शेवटी म्हणाले, "तुझ्या बाबांची गिटार जरा खालच्या सुराला लागत नाही का गं? वरचा सूर हल्ली... हवा फार कोरडी आहे. माझं नाव घेऊ नकोस, शपथ आहे तुला."

डॉक्टरिणीने दोघांनाही शब्द दिला. ते गेल्यावर तिला हसू आवरेना. चौघांपैकी तिघं एकमेकांना घाबरून ताठ उभे होते, आणि तिघांचे केसपेपर तिच्या खिशात होते. हसू ओसरलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आता कुणीतरी आधी खरं बोलायला हवं, आणि निदान स्वतःचं खरं सांगायला तिला कुणाला दिलेल्या शब्दाची आडकाठी नव्हती.

शनिवारी दुपारी ती ड्रमवाल्यांच्या गॅरेजमध्ये पोचली. तालीम तिथेच व्हायची. गाडी बाहेर काढली की चौघांना पुरेल एवढी जागा होई. तिने गिटार बाबांच्या हातात दिली. त्यांनी दोन-चार वेळा तार ओढून पाहिली. सूर सव्वापर्यंत चढला आणि तिथेच थरथरला. ड्रमवाल्यांनी उचललेली काठी हळूच खाली ठेवली.

"तशीच आहे," बाबा म्हणाले. "काय केलंस तू चार दिवस?"

"बाबा, गिटारवर अकराच्या तारा नाहीत. नऊच्या आहेत. पाच वर्षांपूर्वी मी दहाच्या लावल्या, मग नऊच्या. कार्डावर अकरा लिहीत राहिले."

बेसवाले काका आपल्या बुटांकडे बघायला लागले.

"कार्डावर?" बाबांनी विचारलं. "तारांचं सोड. तू कार्डावर खोटं लिहिलंस?"

"हो."

"मी शिकवलेल्या कार्डावर?"

"हो, बाबा."

बाबा गिटार गळ्यात तशीच घेऊन बाहेर गेले आणि फाटकाशी पाठमोरे उभे राहिले. डॉक्टरिणीला रडू फुटायच्या बेतात होतं. लहानपणी त्यांच्या करवतीचं पातं तिने मोडलं होतं तेव्हाही ते असेच जाऊन उभे राहिले होते, आणि तेव्हा तिला वाटलं होतं की आता हे कधीच वळणार नाहीत.

बऱ्याच वेळाने ते वळले.

"त्या शाळेच्या पटांगणावरचा कार्यक्रम. दोन वर्षांपूर्वीचा. तो मी नऊवर वाजवला?"

"हो."

"चांगला झाला होता."

"फार चांगला झाला होता, बाबा."

"हं," बाबा म्हणाले. मग बेसवाल्यांकडे वळले, "तुम्ही का मान खाली घालून उभे आहात? तारा तिने बदलल्या."

"मीपण," बेसवाले काका म्हणाले. "म्हणजे, खाली करून घेतल्यात. तीनदा. खांदा."

"आणि मी तिला म्हणालो होतो की सूर खाली घ्या," बुलंद एका दमात म्हणाले. "हवा कोरडी वगैरे काही नाही. गळा गेलाय."

सगळ्यांनी ड्रमवाल्यांकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नका. मी दोन वर्षं हळूच वाजवतोय, तुम्हाला ऐकूच येत नाही त्याला मी काय करू?"

आधी बाबा हसले. मग सगळेच असे हसले की शेजारच्या बाई गच्चीतून डोकावल्या.

"बोल, डॉक्टरीण," बाबा म्हणाले. "उपाय काय?"

"अर्धा सूर खाली. सगळे."

तिने खिशातून ट्यूनर आणि एक छोटी वाकडी चावी काढली. तारा उतरवल्या की मानेवरचा ताण कमी होतो, ती जास्त सरळ होते आणि मग तार फ्रेटवर कुरकुरते. म्हणून मानेतल्या सळईला पाव फेरा द्यावा लागतो. ती चावी लावणार तेवढ्यात बाबांनी हात पुढे केला. चावी त्यांच्या बोटांत नीट बसेना. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली, सावकाश पाव फेरा फिरवला आणि गिटारची मान कानाशी नेऊन ऐकलं. तिने मदत केली नाही. जीभ दातांखाली धरून बसली.

मग गाणं वाजलं. शेवटचं कडवं संपलं, सगळे थांबले. बाबांनी तार ढकलली. सूर चढला, सव्वावर अडखळला, आणि दीडवर जाऊन बसला. जरा खालच्या जागेवरून निघालेला, पण पूर्ण. ड्रमवाल्यांनी या वेळी काठी जोरात मारली.

रविवारचा कार्यक्रम बागेतल्या मंचावर झाला. आई पहिल्या रांगेत बसली होती, फुकट असूनही. ओढीला लोकांनी टाळ्या वाजवल्या. सूर खाली आलाय हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

सोमवारी सकाळी डॉक्टरीण दुकानात आली तेव्हा गिटारची पेटी टेबलावर होती. बाबा येऊन गेले होते, चहाचा रिकामा कप त्यांच्या डागावर ठेवलेला. खुंटीला टांगायला आणली की काय, म्हणून ती घाईने पेटीजवळ गेली. मुठीला नवं कार्ड बांधलं होतं. अक्षर हललेलं, पण सगळे रकाने भरलेले.

'तारा – नऊ. सूर – अर्धा खाली. तक्रार – बोटं कडक. गिटार उत्तम. काम – पुढच्या महिन्यात तारा बदलणे.'

सहीची जागा मोकळी ठेवली होती. डॉक्टरिणीने पेन घेतलं आणि पाच वर्षांत पहिल्यांदा त्या गिटारच्या कार्डावर आपलं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, वाचता येईल असं. मग तिने पेटी शेल्फवर ठेवली, पुढच्या महिन्याच्या कप्प्यात.